कुरियन दूध पीत नसत

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की पालकांचे फोन येऊ लागतात. "सर, पॅकेज चांगलंय, पण मुलगी म्हणते त्या कामात रस नाही." मुलीशी बोलावं तर ती सांगते, कंपनीचं ध्येय आणि माझं ध्येय जुळत नाही. बाविसाव्या वर्षी ज्यांना स्वतःचं ध्येय इतकं पक्कं ठाऊक असतं, त्यांचा मला हेवा वाटतो. थोडी शंकाही येते.

अशा वेळी मी वर्गीस कुरियन यांची गोष्ट काढतो. सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत मिशिगनला शिकले. शिष्यवृत्ती डेअरी इंजिनिअरिंगसाठी, ओढा मात्र धातुशास्त्राकडे. बाँड होता म्हणून १९४९ मध्ये त्यांना आणंदच्या सरकारी क्रीमरीत यावं लागलं. आणंद तेव्हा मुंबई राज्यात होतं. क्रीमरीत करण्यासारखं काही नव्हतं, सुटकेचे दिवस मोजणं चाललं होतं. जवळच त्रिभुवनदास पटेल यांचा शेतकऱ्यांचा दूध संघ होता, १९४६ साली स्थापन झालेला. त्यांची जुनी यंत्रं सारखी बिघडत आणि कुरियन ती दुरुस्त करून देत. बाँड सुटला तेव्हा पटेलांनी गळ घातली, नवी यंत्रं बसेपर्यंत तरी थांबा. कुरियन थांबले आणि आणंदचेच झाले.

गाव एकच, पदवी तीच, विषयही दुधाचाच. तरी एका ठिकाणी माणूस कंटाळला आणि दुसऱ्या ठिकाणी रमला. शेतकऱ्याच्या दुधाला रास्त भाव मिळावा हे स्वप्न पटेलांचं होतं. कुरियन यांच्याकडे यंत्रांची जाण होती आणि संघाला नेमकी तिचीच नड होती. स्वप्न त्यांचं झालं ते मागाहून. आणि ज्यांना 'रस' हा शब्द फार आवडतो त्यांच्यासाठी: हा माणूस दूध पीत नसे, आपल्याला ते आवडत नाही असं खुशाल सांगे.

म्हणून कंपनीच्या भिंतीवरची ध्येयवाक्यं वाचत बसू नका. मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हणतात, तेव्हा विचारा: पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हाती कोणतं काम असेल? आधी या जागेवर कोण होतं, त्यांनी का सोडलं? उत्तरं गुळमुळीत आली तर जपून.

अर्थात सगळंच जुळवून घ्यायचं नसतं. म्हाताऱ्या माणसाला न समजणारी पॉलिसी त्याच्या गळ्यात मारणं हेच रोजचं काम असेल, तर तिथे पोरांनी नाही म्हणावं आणि आईबाबांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं. पॅकेज कितीही असो.

राहिला बाँड. घरातल्या कुणीतरी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. किती वर्षं, सोडल्यास किती रक्कम, तेही पाहा. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणार असतील, तर सही करण्याआधी मला फोन करा.