हिरवळ कापावी कशी?

हरळी कोणाला ठाऊक नाही? ती शेतात शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो. कितीही खणून काढा, एखादी कांडी मातीत राहते आणि पाऊस पडताच फुटते. याच हरळीच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो. आणि पुष्कळ घरांपुढे हिरवळ म्हणून लावतात, तीही हीच.

आता गंमत पाहा. शेतात जी मरता मरत नाही, ती अंगणात पिवळी का पडते? मधे मधे टक्कल का दिसते? पाणी कमी पडले असेल, असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा दोष पाण्याचा नसतो, कापण्याचा असतो.

गवताचे अन्न पानात तयार होते. उन्हाच्या बळावर पाने अन्न करतात आणि मुळांना पुरवतात. पान म्हणजे गवताची चूलच म्हणा ना! गवत जमिनीलगत तासले की ही चूल मोडते. मग नवे पान काढायला गवत मुळाशी आणि कांड्यांत साठवलेले अन्न खर्च करते. मुळांची वाढ थांबते. आठ दिवसांनी आपण पुन्हा तासतो. असे वरचेवर झाले की मुळे आखूड राहतात. उन्हाळ्यात वरच्या मातीतली ओल गेली, की अशा गवताला खालचे पाणी मिळत नाही. शेतातल्या हरळीला असे दर आठवड्याला कोण तासते? म्हणून तिच्या कांड्या भरलेल्या राहतात.

मग किती कापावे? फूटपट्टी नको, आपली बोटे पुरेत. बोटे आडवी धरावीत. गवत तीन बोटे उंच झाले की वरचे एक बोट कापावे, दोन बोटे ठेवावे. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये. गवत वीतभर वाढले असेल तरी घाई नको. थोडे कापावे, चार-सहा दिवस थांबावे, मग आणखी खाली घ्यावे. झाडाच्या सावलीत ते जरा उंचच ठेवावे. तिथे ऊन कमी, म्हणून पान जास्त हवे.

पावसाळ्यात आठवड्याला कापावे लागते. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा वार पाहून नव्हे, गवत पाहून कापावे.

"एकदाच पार खालपर्यंत घे, महिनाभर बघायला नको," असे काही घरमालक माळ्याला सांगतात. मजुरी वाचली असे त्यांना वाटते. पुढे हिरवळ जळते, नवी लावावी लागते, आणि बोल मात्र माळ्याला लागतो. हे आम्हाला बरोबर वाटत नाही. माळ्याने कापण्याआधीच बोटे लावून मालकाला दाखवावे आणि कारण सांगावे.

गवत कापायचे यंत्र 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंग यांनी काढले. कापडावरची लव कापणाऱ्या यंत्रावरून त्यांना ते सुचले. यंत्र असो की विळा, धार हवी. बोथट पात्याने पान कापत नाही, फाटते. मग शेंडे पांढुरके होऊन वाळतात. ओले गवत कापू नये. उघडीप मिळेपर्यंत थांबावे. विजेचे यंत्र तर ओल्या गवतावर चालवूच नये, जिवाशी खेळ होईल. आधी खडे वेचावेत, मुलांना दूर ठेवावे. पात्याला हात लावण्यापूर्वी वायर बोर्डातून काढावी.

कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्यावेत, ते कुजून खत होते. जाड थर मात्र उचलावा, नाहीतर खालचे गवत गुदमरते. औषध फवारलेले नसेल तर तो गुरांना चालतो.

टक्कल पडलेल्या जागी गाजरगवत उगवते. पुण्यात ते 1955-56 च्या सुमारास प्रथम दिसले आणि पुढे देशभर पसरले. ते नुसते कापून भागत नाही, पुन्हा फुटते. फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटावे. काहींच्या अंगाला त्याने खाज सुटते, म्हणून हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी.