बोट लागली म्हणजे नजर लागली नव्हे

आपल्या वस्त्यांतली काही पोरं आता कर्ज काढून कोर्स करतात आणि जहाजावर खलाशी म्हणून जातात. पहिलीच सफर जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रातून. दुसऱ्या दिवशी घरी फोन येतो, “आई, उलट्या थांबत नाहीत.” अशा एका घरी मी गेले तेव्हा आईने लिंबू-मिरच्या उतरवून ठेवल्या होत्या. बावीस प्रतिज्ञांची तसबीर त्याच भिंतीवर!

माता-भगिनींनो, हा नजरेचा नाही, कानाचा प्रश्न आहे. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात. केबिनमध्ये डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, पण कान सांगतो की सगळे हलते आहे. मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. घाटात एसटी लागते, तेच हे. यात कमजोरपणा नाही. इंग्रजांचा आरमारप्रमुख नेल्सन आयुष्यभर समुद्रावर राहिला, त्यालाही बोट लागायची. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. तेव्हा पहिल्याच उलटीला “नोकरी सोडून ये” म्हणू नका.

गोळी बोट हलण्याआधी तास-दोन तास घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिनसारख्या गोळीने झोप येते. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, घेतल्यावर उंचावर किंवा मशीनवर काम करू नये, आणि वर दारू तर मुळीच नको. जहाजाच्या मध्यभागी हेलकावे कमी लागतात. काम नसेल तेव्हा तिथे डोके टेकून, डोळे मिटून पडावे. समुद्र बरा असेल तर डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावे. मोबाईल बाजूला ठेवावा. रिकाम्या पोटीही मळमळते, म्हणून कोरडी बिस्किटे किंवा आल्याचा तुकडा खावा.

एक गोष्ट मुलाला दोनदा बजावून सांगा. खवळलेल्या समुद्रात उलटीसाठी एकट्याने कठड्यावर वाकू नकोस, पिशवी वापर. लाजेपायी अंधारात बाहेर गेलेला माणूस पाण्यात पडला तर कोणाला कळतही नाही.

बॅगेत ओआरएसची पाकिटे द्या. घोट-घोट प्यायला सांगा. आठ तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त दिसले, ताप आला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर जहाजावरच्या औषधांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला लगेच सांगायला हवे. ते किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ शकतात. फोन आला की “जेवलास का?” याआधी “लघवी झाली का, पाणी पोटात टिकतंय का?” हे विचारा.