चोरीचे प्रक्षेपण : स्वस्त वर्गणीची खरी किंमत

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम आता इंटरनेटद्वारे घरोघरी पोहोचत आहेत. त्याचबरोबर शेकडो वाहिन्या, नवे चित्रपट आणि क्रिकेटचे सामने नाममात्र वर्गणीत दाखविण्याचे आमिष देणाऱ्या अनधिकृत सेवाही फोफावल्या आहेत. त्यातील बचत चटकन दिसते. जोखीम मात्र दिसत नाही.

प्रथम कायद्याची बाजू विचारात घेणे इष्ट ठरेल. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३७ अन्वये प्रसारण संस्थेला आपल्या प्रसारणावर २५ वर्षे हक्क लाभतो. या हक्काचा जाणूनबुजून भंग करणाऱ्यास, तसेच त्यास साहाय्य करणाऱ्यास, कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्याचा हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. परंतु गुन्हा पुसला जात नाही.

कायद्याचा मुख्य रोख असे प्रक्षेपण पुरविणाऱ्यांवर आहे. तथापि ग्रामपंचायतीच्या सभागृहात, शाळेत किंवा उत्सवाच्या मंडपात ते पडद्यावर दाखविणारा केवळ प्रेक्षक राहत नाही. लोकांपर्यंत ते पोहोचविल्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते.

आर्थिक धोका याहून निकटचा आहे. अशा सेवेचा चालक बहुधा अज्ञात असतो. करार नसतो, पावती नसते. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने चोरीचे चित्रपट पुरविणारी संकेतस्थळे, तसेच नाव बदलून पुन्हा उगवणारी त्यांची रूपे, रोखण्याचा मार्ग मोकळा केला. सेवा अशी बंद पडली की आगाऊ भरलेली वर्गणी बुडते आणि दाद मागण्यास जागा उरत नाही.

शिवाय अशी ॲप अनेकदा अधिकृत ॲप-भांडाराबाहेरून घ्यावी लागतात. भ्रमणध्वनीवरील संदेश वाचण्याची परवानगी त्यांना दिल्यास बँकेचा ओटीपी परक्या हाती पडू शकतो. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे रक्कम गेल्यास, बँकेस कळविण्यापूर्वीचे संपूर्ण नुकसान ग्राहकानेच सोसावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. म्हणून फसवणूक लक्षात येताच बँकेस आणि १९३० या मदत क्रमांकावर विनाविलंब कळविणे आवश्यक आहे.

वर्गणी भरण्यापूर्वी सेवा कोण चालवितो, रीतसर पावती मिळते किंवा कसे, आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे तीन प्रश्न विचारावेत. कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकावर अशी ॲप मुळीच घेऊ नयेत. कारण तेथे एका व्यक्तीची चूक साऱ्या संस्थेस भोवते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही जाणीव गावोगावी पोहोचविल्यास अनेक कुटुंबांची कष्टाची मिळकत सुरक्षित राहील.