दोरी घरी अन् पूर दारी

बाळा, आपत्ती व्यवस्थापनात नोकरी करायची म्हणतोस, ऐकून जीव सुखावला. समुद्रपूर सोडण्याआधी मामाचं एवढं ऐकून जा. या कामातलं निम्मं काम आभाळ निरभ्र असतानाच करायचं असतं.

१. एनडीआरएफचे जवान बघून तू भारावलास, पण तिथं थेट भरती नसते — आधी सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफसारख्या दलात शिरायचं, मग प्रतिनियुक्तीवर जायचं. राज्याच्या एसडीआरएफलाही जवान राज्य राखीव पोलीस दलातूनच मिळतात, म्हणून पळायला उद्यापासूनच लाग.

२. वर्दीपेक्षा नियोजन आवडत असेल तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था बघ. आगीचं काम शिकायचं तर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे — जामला बस धरली की पोचलास.

३. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा एकदा नीट वाच — जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, मग तहसीलदार, तलाठी, कोतवाल ही साखळी पाठ असली की ऐन वेळी कुणाला विचारू म्हणत बसावं लागत नाही.

४. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि गावोगावच्या पोलीस पाटलांचे नंबर वहीत लिही, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेव — पाऊस झोडपायला लागला की आधी लाइन जाते, मग टॉवर.

५. त्या वहीत एसटीचे चालक-वाहकही हवेत. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, ती खबर एसटीच्या चालकानं दिली — रोजच्या रस्त्यावरच्या माणसाला बदल सगळ्यात आधी दिसतो.

६. जूनच्या आधी आशाताईंबरोबर नाल्याकाठच्या घरांतून फिर आणि अंथरुणाला खिळलेलं कोण, दिवस भरत आलेली बाई कोण, ते लिहून घे. कोण कुणाला उचलणार तेही तिथंच, त्यांच्या अंगणात बसून ठरव. म्हातारी शेळी सोडून निघत नाही, तेव्हा शेळीची सोयही लिही — जुलै २०२२ सारखा पूर रात्री दाराशी आला की समजूत काढायला वेळ नसतो.

७. पाण्यात ओढली तरी न आवळणारी गाठ ओल्या हातांनी, डोळे मिटून मारता आली पाहिजे — शिकवणीत गाठ सगळ्यांनाच बसते, अंधारात बोटांना आठवावी लागते.

८. पुलावरून पाणी चाललं असेल तर सरकारी गाडीही घालू नकोस, साहेब म्हणाले तरी — गुडघाभर धारेत माणसाचा पाय सुटतो, आणि खालचा रस्ता वाहून गेला की नाही ते वरून दिसत नाही.

९. ३१ मे २०१६ ला आपल्याच जिल्ह्यात, पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा विझवायला धावलेलेच जास्त गेले. त्यांना मनापासून नमस्कार कर आणि एक सवय लाव : आत कोण गेलं, किती वाजता, ते बाहेरच्यानं लिहायचंच — मोजून गेलेला माणूस मोजून शोधता येतो.

१०. पूर ओसरल्यावर पंचनामा शेतकऱ्यासमोर कर आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखव — खरडून गेलेल्या पऱ्हाटीची मदत त्याच कागदावर ठरते.

११. आणि डोमिसाइल, जातीचा दाखला या आठवड्यातच काढून ठेव — भरतीची जाहिरात निघाली की तहसिलीत उभं राहायला जागा नसते.