जुना संगणक आणि गाण्याचे मुद्रण : लिनक्सच्या हलक्या मांडणीचा एक पाठ

आजकाल बहुतेक घरांत व शाळांत कपाटावर ठेवून दिलेला एखादा जुना संगणक असतोच. तो मोडलेला नसतो, नुसता मंद झालेला असतो. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्या मागून आलेली विंडोज ११ ही प्रणाली कित्येक जुन्या यंत्रांना दारातच उभी करते. त्यामुळे चांगली धडधाकट यंत्रे भंगाराच्या काट्यावर जाऊ लागली आहेत. दुसरीकडे, ज्यांना जात्यावरच्या ओव्या, चक्कीनामे, पाळणे आणि हळदीची गाणी तोंडपाठ आहेत अशी आपल्या घरांतील वडीलधारी माणसे आता ऐंशीच्या घरात आली आहेत. या दोन गोष्टींची गाठ घालून देता येईल काय, असा प्रश्न आम्ही या पाठात घेतला आहे. ती घालता येते, आणि थोड्या खर्चात येते, हे वाचकांच्या ध्यानात आणून देणे एवढाच आमचा हेतू आहे.

वेग नव्हे, वेळ

ध्वनिमुद्रणाला फार बलाढ्य संगणक लागतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो कितपत खरा आहे, हे गणितानेच पाहू. माइकमधून आलेला आवाज संगणक अंकांच्या रूपाने साठवतो. एका सेकंदात आवाजाची ४८,००० मापे घेतली जातात. प्रत्येक माप २४ बिटांचे, म्हणजे ३ बाइटांचे असते. तेव्हा एका माइकमागे सेकंदाला १,४४,००० बाइट, आणि मिनिटाला ८.६४ मेगाबाइट इतकी सामग्री जमते. गळा, पेटी, तबला आणि तंबोरा असे चार माइक लावून पाच मिनिटांची चीज घेतली, तर १७२.८ मेगाबाइट होतात. चारही माइकांचे ओझे सेकंदाला अर्ध्या मेगाबाइटहून थोडे अधिक भरते. दहा-बारा वर्षांपूर्वीची डिस्कदेखील याच्या कितीतरी पट काम सहज करते. सारांश, अडचण ओझ्याची नाही.

अडचण आहे ती वेळेची. संगणक आवाज एकेक थेंबाने हाताळत नाही, तो ओंजळीओंजळीने हाताळतो. या ओंजळीला बफर म्हणतात. एक ओंजळ रिकामी होण्याच्या आत दुसरी भरून तयार असली पाहिजे. ती तयार नसली की आवाजात ‘टक्’ असा खंड पडतो, आणि तो मुद्रणात कायमचा राहतो. जाणकार मंडळी याला एक्सरन म्हणतात. कितीही वेगवान संगणक असो, तो त्याच क्षणी दुसऱ्या कोणत्या कामात गुंतला, तर त्याची ओंजळ चुकते. उलट, साधा संगणक इतर कामांतून मोकळा ठेवला, तर तो तासन् तास एकही ओंजळ न चुकवता काम करतो. हलकी मांडणी म्हणजे यंत्राला रिकामटेकड्या कामांतून सोडवून एका कामावर बसवणे.

लिनक्सच का ?

लिनक्सचे मूळ १९९१ साली हेलसिंकी येथील लीनुस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिले. ते कोणालाही विनामूल्य घेता, वाचता, बदलता व वाटता येते. पैसे वाचतात हा त्याचा एक लाभ झाला. आमच्या कामाच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ असा, की त्यातील नको असलेला प्रत्येक भाग काढून ठेवण्याची मुभा मालकाला आहे. संगीताच्या बाजूस पॉल डेव्हिस या प्रोग्रामरने जॅक ही ध्वनिजोडणी आणि आर्डोर हे मुद्रणाचे साधन उभे केले. ठरलेले काम ठरलेल्या क्षणीच झाले पाहिजे, ही शिस्त लिनक्सच्या गाभ्याला लावण्याचे प्रयत्न सुमारे वीस वर्षे चालले होते. २०२४ साली निघालेल्या ६.१२ या आवृत्तीत ही तरतूद मूळ गाभ्यातच आली.

मांडणीच्या पायऱ्या

पहिली पायरी यंत्राची. ६४ बिटांचा प्रोसेसर आणि निदान ४ गिगाबाइट मेमरी असावी, ८ असल्यास उत्तम. ३२ बिटांच्या अगदी जुन्या यंत्राच्या मागे लागू नये, कारण डेबियनच्या २०२५ सालच्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी प्रतिष्ठापनेची सोय राहिलेली नाही. खर्च करायचाच असेल तर तो जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवण्यावर करावा. यंत्र जलद होतेच, शिवाय डिस्कची घरघर थांबते. आतली धूळ झाडून घ्यावी. धुळीने भरलेला पंखा मोठ्याने ओरडतो, आणि माइकला ते लगेच ऐकू येते.

दुसरी पायरी प्रणालीची. आम्ही डेबियन १३ सुचवतो. तिचा गाभा ६.१२ हाच आहे. यंत्रातील जुने लेख व छायाचित्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत, कारण नवी प्रणाली बसवताना डिस्क पुसली जाते. पेनड्राइव्हवर डेबियनची प्रत करून त्यावरून यंत्र सुरू करावे. मध्येच एका पानावर, पडद्याची सजावट कोणती हवी, असे विचारले जाते. तेथे गनोमवरची खूण काढून एक्सएफसीईवर करावी. ही सजावट साधी आहे, आणि नुसत्या बसल्या जागी साधारणतः एक गिगाबाइटपेक्षा कमी मेमरीत भागवते. राहिलेली मेमरी गाण्याला मिळते.

तिसरी पायरी अधिकाराची. हिच्याकडे नवशिके दुर्लक्ष करतात आणि मग यंत्राला बोल लावतात. डेबियनच्या भांडारातून आर्डोर आणि जॅकडी२ ही दोन्ही घ्यावीत. जॅकडी२ बसताना, ध्वनीच्या कामाला तातडीचा अग्रक्रम द्यावा काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. त्यास ‘होय’ म्हणावे. नंतर आपले वापरकर्त्याचे नाव ‘ऑडिओ’ नावाच्या गटात घालावे, आणि एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे. एवढ्याने ध्वनीचे काम रांगेत सर्वांच्या पुढे उभे राहते, आणि त्याची मेमरी दुसऱ्या कोणाला दिली जात नाही.

चौथी पायरी मोकळीकेची. मुद्रणाच्या वेळी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे. आपोआप होणारी अद्यतने थांबवावीत. ब्राउझर उघडू नये. लॅपटॉप असल्यास विजेला जोडलेला असावा, आणि प्रोसेसरचा वेग वीज वाचवण्यासाठी खालीवर होऊ न देता पूर्ण वेगावर बांधून ठेवावा. इतके करूनही खंड पडत राहिले, तर डेबियनच्या भांडारात ‘आरटी’ या अक्षरांचा वेगळा गाभा मिळतो, तो बसवून पाहावा. मात्र आधी साधे उपाय करावेत. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागते.

पाचवी पायरी इंटरफेसची. माइक आणि संगणक यांच्यामधील ही लहानशी पेटी आहे. विकत घेताना दुकानदारास, ‘ही क्लास कंप्लायंट आहे काय?’ असे विचारावे. असल्यास लिनक्सवर ती वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालते. ती थेट संगणकाच्या यूएसबी खाचेत लावावी, मध्ये हब घालू नये. कंडेन्सर माइक असेल तर पेटीवरील ४८ व्होल्टचे बटन दाबावे लागते, साध्या डायनॅमिक माइकला ते लागत नाही.

आता आर्डोर उघडावा. आरंभी तो ध्वनीची व्यवस्था विचारतो. तेथे अल्सा निवडावे, आपल्या इंटरफेसचे नाव निवडावे आणि मापांची संख्या ४८,००० ठेवावी. दोन-तीन साधने एकमेकांस जोडायची नसतील, तर जॅक चालू करण्याचीही गरज नाही. त्याच्या निमित्ताने मिळालेला अग्रक्रम तेवढा आपल्या कामी येतो.

ओंजळ किती मोठी ?

आता या पाठातला सर्वांत उपयोगाचा भाग. ओंजळ २५६ मापांची आणि अशा दोन ओंजळी असल्या, तर ५१२ मापे होतात. त्यांना ४८,००० ने भागले की उत्तर १०.७ मिलिसेकंद येते. इतका उशीर आवाजाला यंत्रात होतो. इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर त्यात आणखी मिळतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १०.७ मिलिसेकंदांत तो साधारण ३.६ मीटर, म्हणजे बारा फूट चालतो. तबलजी बारा फुटांवर बसला असता गवयाला जेवढा उशीर जाणवेल, तेवढाच हा उशीर आहे, आणि तेवढ्यात गाता येते. ओंजळ १,०२४ मापांची केली, तर दोन ओंजळींना ४२.७ मिलिसेकंद लागतात. हा तबलजी जवळजवळ ४८ फुटांवर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला! स्वतःचाच आवाज कानात इतक्या उशिरा पडू लागला की भल्या गवयाची लय ढासळते, मग आजीबाई गोंधळून गाणेच थांबवतात यात नवल काय? आपला गळा बिघडला असे त्यांना वाटते. बिघडलेले असते ते मांडणीत.

तेव्हा ओंजळ लहान करावी, असे कोणीही म्हणेल. पण ओंजळ जितकी लहान, तितक्या वेळा ती भरावी लागते, आणि जुने यंत्र तेथेच चुकू लागते. यावर सोपा उपाय आहे. बहुतेक इंटरफेसांवर डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटन असते. ते दाबले की गाणाऱ्याचा आवाज संगणकात फेरी न मारता पेटीतूनच परत हेडफोनमध्ये येतो. उशीर जवळजवळ उरतच नाही. त्याच वेळी आर्डोरमधला परतीचा आवाज मात्र बंद ठेवावा, नाहीतर एकच स्वर दोनदा ऐकू येतो. अशा रीतीने ओंजळ खुशाल १,०२४ ची ठेवावी. जुने यंत्र निवांत राहते आणि गाणाराही निवांत राहतो. लहान ओंजळीची खरी गरज पडते ती कळफलकावरून संगणकातलीच वाद्ये वाजवायची असतील तेव्हा. घरातल्या गाण्यांच्या मुद्रणाला ती लागत नाही.

प्रत्यक्ष मुद्रण

खोली लहान आणि सामानाने भरलेली असावी. भिंतींशी गाद्या, गोधड्या रचल्या की आवाजाचा घुमारा कमी होतो. छतावरचा पंखा बंद ठेवावा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला असावा. आवाजाची पातळी पाहताना सर्वांत मोठ्या स्वरालाही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे करावे. २४ बिटांच्या मुद्रणात पुढे आवाज वाढवता येतो, पण भरून फाटलेला आवाज सांधता येत नाही. आधी तंबोरा किंवा श्रुतिपेटी गाणाऱ्याच्या षड्जाला जुळवावी. यंत्राच्या सोयीसाठी गाणाऱ्याचा षड्ज बदलू नये. ओवी गाणारीला ठेक्याच्या टकटकीत बांधू नये, कारण तिची लय जात्याच्या फेऱ्याची असते.

मुद्रण झाले की ते फ्लॅक या रूपात काढावे. त्याने आकार कमी होतो, पण आवाजातला एक कणही गळत नाही. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी. सोबत एका साध्या फाइलीत गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, गाण्याचे शब्द आणि ते कोणत्या प्रसंगी म्हणतात ही माहिती लिहावी. मुद्रण कोणाला ऐकवावे, कोणाला नाही, हे गाणाऱ्यालाच विचारावे, आणि तिचे उत्तरही त्याच फाइलीत लिहावे.

हे कशासाठी ?

बडोद्यात १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा निघाली आणि मौलाबक्ष तिचे प्रमुख झाले. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपी तयार केली. ती त्या काळची मुद्रणविद्याच म्हणावयाची. मौलाबक्ष १८९६ साली वारले. ग्रामोफोनसाठी भारतात पहिली मुद्रणे कलकत्त्यास झाली ती १९०२ साली, त्यांच्या मागून सहा वर्षांनी. स्वरलिपीवरून चीज कळते, पण गळा कळत नाही. त्या वेळी मुद्रणाचे यंत्र परदेशातून बोटीने यावे लागे, आणि ते कोणाकडे वळायचे हे कंपनी ठरवी. जात्यावर बसलेल्या बाईच्या दारी ते यंत्र कशाला येईल?

आज ते यंत्र आपल्याच कपाटावर धूळ खात आहे. त्यास लागते ती एक सुटीची सकाळ, एक पेनड्राइव्ह, एक माइक, एक लहान पेटी आणि थोडी शिस्त. शाळेच्या वरच्या वर्गातील दोन मुले ही मांडणी स्वतः करू शकतात. त्यांनी ती करावी, आणि पहिले मुद्रण आपल्या आजीचे घ्यावे. मुलांना लिनक्स येईल, आणि ज्या गाण्यांना घरात कोणी विचारत नव्हते ती ऐकण्यासाठी मुले आजीजवळ तासभर बसतील. यंत्राचे काम पुढच्या महिन्यावर गेले तरी चालेल. आजीचे गाणे मात्र पुढच्या महिन्यावर टाकू नये.