भूगोलाचा विद्यार्थी आणि त्याची भूमी

भूगोल हा विषय सोपा आहे, अशी एक समजूत आपल्या देशात दीर्घकाळ रूढ आहे. नद्यांची नावे, राजधान्या आणि पिकांचे तक्ते पाठ केले की परीक्षेची तयारी झाली, असे अनेकांना वाटते. स्पर्धा परीक्षांतही हा विषय उपयोगी पडतो, म्हणून पदवीसाठी तो निवडणाऱ्यांची संख्या मोठी असते. परंतु अशा रीतीने पदवी मिळवलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना आपल्या घरासमोरील नाला कोणत्या नदीला मिळतो, हे सांगता येत नाही. पदवी मिळते, भूगोल मात्र हाती लागत नाही. असे का होते आणि ते टाळण्यासाठी अभ्यास कसा करावा, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

विवेचन सुलभ व्हावे म्हणून आपण एक निश्चित ठिकाण घेऊ. जयपूर शहराच्या पश्चिमेस, अजमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोडाला ही वस्ती आहे. येथे डोंगर नाही, किल्ला नाही, सरोवर नाही. प्रवासी येथे काही पाहण्यासाठी थांबत नाहीत. नेमक्या याच कारणासाठी हे उदाहरण घेतले आहे. जो विद्यार्थी सोडाल्यासारख्या साध्या वस्तीत भूगोल पाहू शकेल, त्याला तो कोठेही दिसेल.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

विद्यापीठागणिक तपशील बदलत असले, तरी भूगोलाच्या पदवी अभ्यासक्रमाची मूळ मांडणी सर्वत्र जवळजवळ सारखीच असते. पहिला भाग प्राकृतिक भूगोलाचा: भूरूपे, हवामान, सागर, मृदा आणि वनस्पती. दुसरा मानवी भूगोलाचा: लोकसंख्या, वसाहती, शेती, उद्योग आणि दळणवळण. तिसरा प्रादेशिक भूगोलाचा. त्यात भारताचा आणि बहुधा स्वतःच्या राज्याचा अभ्यास येतो. चौथा भाग प्रात्यक्षिकांचा असून त्यात नकाशावाचन, प्रमाण, प्रक्षेपणे, सर्वेक्षण, सांख्यिकी आणि अलीकडे उपग्रहचित्रांचे वाचन व संगणकीय नकाशे यांचा समावेश होतो.

राजस्थान विद्यापीठ 1947 साली राजपुताना विद्यापीठ या नावाने जयपूर येथे स्थापन झाले. महाविद्यालयात नित्य जाणे शक्य नसलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठांचा मार्ग आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली, कोटा येथील मुक्त विद्यापीठ 1987 साली आणि नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झाले. घरी राहून शिकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: भूगोल हा प्रात्यक्षिकांचा विषय आहे. प्रात्यक्षिके कोठे, केव्हा आणि किती दिवस घेतली जातात, याची चौकशी प्रवेश घेण्यापूर्वीच करावी.

यातील चौथा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो आणि तोच खरोखर सर्वांत महत्त्वाचा असतो. पहिल्या तीन भागांत दुसऱ्यांनी शोधलेले ज्ञान आपल्या हाती येते. चौथ्या भागात ते ज्ञान कसे शोधतात, हे कळते.

नकाशा वाचणे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीनुसार जयपूर शहर 45 एन/13 या स्थलनिर्देशक नकाशात येते. हा क्रमांक पाठ करण्याऐवजी तो कसा तयार झाला, हे पाहावे. 45 क्रमांकाचा चौकोन 24 ते 28 उत्तर अक्षांश आणि 72 ते 76 पूर्व रेखांश यांमधील आहे. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग केले असून त्यांना अक्षरे दिली आहेत. आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग केले आहेत. ही रीत एकदा समजली की पुण्याचा किंवा नागपूरचा नकाशा शोधणेही अवघड राहत नाही.

या नकाशाचे प्रमाण 1:50,000 असते. म्हणजे नकाशावरील 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील 1 किलोमीटर. समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः 20 मीटर असते. जयपूरच्या उत्तरेस आणि पूर्वेस नाहरगड व आमेरच्या टेकड्यांवर या रेषा दाट दिसतात. सोडाल्याच्या बाजूला त्या अगदी विरळ होतात. यावरून विद्यार्थी म्हणतो, "हा भाग सपाट आहे." उत्तर चूक नाही, परंतु ते अपुरे आहे. रेषांमधील अंतर 20 मीटर असेल, तर 5 मीटरचा चढउतार नकाशावर उमटणार नाही. पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी तुंबेल, हे ठरते ते मात्र अशा लहान चढउतारांवर. नकाशा काय सांगतो याबरोबरच तो काय सांगू शकत नाही, हे ओळखता आले पाहिजे. येथे क्षेत्र-अभ्यासाची गरज सुरू होते.

नाल्यापासून नदीपर्यंत

सोडाल्याला लागून जो प्रवाह जातो, त्याला लोक दीर्घकाळ अमानीशाहचा नाला म्हणत आले. त्याचे जुने नाव द्रव्यवती नदी. नाहरगडच्या टेकड्यांकडून निघून ती शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणेकडे सांगानेरला जाते आणि पुढे ढूंढ नदीला मिळते. तिची लांबी सुमारे 47 किलोमीटर आहे. ढूंढचे पाणी मोरेलला, मोरेलचे बनासला, बनासचे चंबळेला आणि चंबळेचे यमुनेला जाते. याचा अर्थ असा की, सोडाल्यात पडलेला पावसाचा थेंब अडला किंवा आटला नाही, तर अखेर बंगालच्या उपसागराला पोहोचतो. याउलट पश्चिमेस थोड्याच अंतरावर सांभर सरोवराचे खोरे आहे. तेथील पाणी कोणत्याही समुद्राला न जाता सरोवरातच आटते आणि मीठ मागे ठेवते. या दोहोंमधील जलविभाजक इतका नाजूक आहे की उघड्या डोळ्यांना तो जाणवतही नाही. सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून पूर्व-पश्चिम वाहणारे पाणी पाहण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने हा फरक मुद्दाम लक्षात घ्यावा.

जमिनीतही असाच फरक आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झाला. जयपूरच्या टेकड्यांतील क्वार्ट्झाइट खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. परंतु सोडाल्याच्या खाली लगेच हा खडक लागत नाही. तेथे नद्यांनी आणलेला गाळ आणि वाऱ्याने आणलेली वाळू यांचे थर आहेत. अशी सैल माती पाण्याने सहज कापली जाते. म्हणूनच वर्षातील बहुतेक महिने कोरड्या असणाऱ्या या प्रवाहाने उभ्या काठांची खोल घळ तयार केली होती. जयपूरचा वार्षिक पाऊस सुमारे 600 मिलिमीटर; परंतु त्यातील फार मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरमध्ये आणि तोही थोड्या दिवसांत पडतो. जुलै 1981 च्या अतिवृष्टीत शहराने त्याची भीषण प्रचीती घेतली. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीनेही हाच धडा दिला. नदीला नाला म्हटल्याने तिचे पात्र अरुंद होत नाही. पाणी आपली जागा मागतेच.

द्रव्यवतीचे काठ बांधून घेण्याची योजना 2016 साली हाती घेण्यात आली आणि 2018 साली तिचा काही भाग लोकांसाठी खुला झाला. अशा योजनेकडे भूगोलाच्या विद्यार्थ्याने कसे पाहावे? स्तुती किंवा निंदा करण्यापूर्वी त्याने काही प्रश्न विचारावेत. पात्राची रुंदी पूर्वी किती होती आणि आता किती आहे? पाणी जमिनीत मुरण्यास वाव राहिला आहे काय? आता वाहणारे पाणी पावसाचे आहे की सांडपाण्याचे? खाली सांगानेरला, जेथे कापडछपाईचा जुना व्यवसाय आहे, ते कोणत्या अवस्थेत पोहोचते?

पाणी कोठून येते

नाल्याचा हा अभ्यास आपल्याला घरातील नळापर्यंत आणतो. जयपूरला पाणी देण्यासाठी बाणगंगा नदीवर रामगडचे धरण विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाले. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकास्पर्धा याच जलाशयात झाल्या होत्या. पुढे वीस वर्षांच्या आतच तो कोरडा पडला. "पाऊस कमी झाला" हे याचे पुरेसे उत्तर नव्हे. पाणलोट क्षेत्रातील अडथळे व अतिक्रमणे, ठिकठिकाणी अडवलेले ओढे आणि खोल गेलेले भूजल यांचाही विचार करावा लागतो. 2009 पासून टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी शहराला मिळू लागले. नकाशावर हे सर्व एकत्र मांडले असता एक विलक्षण गोष्ट दिसते: बनासचे पाणी उपसून जयपूरला आणले जाते आणि वापरलेल्या पाण्याचा काही अंश द्रव्यवती, ढूंढ व मोरेल या मार्गाने धरणाच्या खालच्या अंगास पुन्हा बनासकडेच जातो. शहर जे सोडते, ते खालच्या गावांच्या वाट्याला येते.

आकाशाचा धडा

जयपूरच्या विद्यार्थ्याला आणखी एक साधन लाभले आहे. सवाई जयसिंहाने 1727 साली हे शहर वसवले आणि येथे वेधशाळा उभारली. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत सुमारे 27 अंशांचा कोन करते. कारण जयपूरचा अक्षांश तितकाच आहे आणि भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवली आहे. तिची सावली स्थानिक सौरवेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळ 82.5 पूर्व रेखांशाची. जयपूर सुमारे 75.8 वर. 6.7 अंशांचा फरक, दर अंशाला 4 मिनिटे, म्हणजे सुमारे 27 मिनिटे. ऋतूनुसार होणारी लहान दुरुस्ती सोडल्यास, सोडाल्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात 12 वाजून 27 मिनिटे झालेली असतात. अंगणात रोवलेल्या काठीनेही हे पडताळता येते.

काही व्यावहारिक सूचना

विद्यार्थ्याने एक वही केवळ निरीक्षणांसाठी ठेवावी आणि प्रत्येक नोंदीस दिनांक, वेळ व ठिकाण लिहावे. प्रत्येक प्रकरण वाचल्यावर त्यातील एक तरी गोष्ट स्वतःच्या परिसरात शोधावी. आकृत्या पाहून न काढता समजून काढाव्यात. विहीर खोदणारे, शेतकरी आणि जुने रहिवासी यांना विचारावे. परंतु त्यांचे सांगणे व मोजमाप या दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

परीक्षेतील गुणांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. नोकरी व पुढील शिक्षण त्यांवर अवलंबून असते. परंतु या पदवीधरांपैकी काही जण उद्या शिक्षक होतील, काही नगरपालिकेत, काही शासनात जातील. वस्ती कोठे वाढवावी आणि पाणी कोठून आणावे, हे निर्णय त्यांच्या हातून होतील. तेव्हा पाठ केलेली यादी त्यांच्या उपयोगी पडणार नाही. पायाखालची जमीन कोणत्या बाजूला उतरते, हे पाहण्याची सवय मात्र उपयोगी पडेल. ती सवय लावणे, हाच या अभ्यासक्रमाचा खरा हेतू होय.