कडुलिंबाची नोटीस निघते, क्लबहाउसची नाही

प्रश्न : सात रस्त्याजवळ आमचं घर आहे. कंपाउंडला लागून एक जुना क्लब आहे. बैठी कौलारू इमारत, एक बॅडमिंटन कोर्ट आणि चार मोठे कडुलिंब. ती इमारत पाडून नवं क्लबहाउस बांधणार असं ऐकतो. खाली पार्किंग, मध्ये हॉल, गच्चीवर रेस्टॉरंट. इंग्लंडला असलेली माझी बहीण म्हणते, तिकडे अशा वेळी शेजाऱ्यांना पत्र येतं. आपल्याकडे आम्हाला कुणी विचारणार की नाही?
ता. क. : आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. उजेड जाईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, विचारणार नाही. तुमच्या बहिणीचं म्हणणं मात्र खरं आहे. इंग्लंडमध्ये बांधकामाचा असा अर्ज आला की तिथल्या कौन्सिलला शेजाऱ्यांना पत्र धाडावं लागतं किंवा जागेवर नोटीस लावावी लागते, आणि म्हणणं मांडायला २१ दिवस मिळतात. मग लोक गाड्यांच्या वर्दळीपासून गच्चीवरच्या दिव्यांपर्यंत सगळं लिहून कळवतात.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू आहे. त्यात सामान्य माणसाला बोलायची संधी आहे ती शहराचा विकास आराखडा ठरताना. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, सुनावणी होते. त्या वेळी आपण कुठे असतो? बहुतेक जण आपला प्लॉट रस्त्यात जात नाही ना, एवढं बघून घरी येतात. शेजारच्या मैदानावर कोणता रंग भरलाय हे कोण बघतो! आराखडा मंजूर झाला की पुढचा मामला अर्जदार आणि महापालिका या दोघांतला. क्लबच्या आर्किटेक्टने फाइल दाखल करायची, महापालिकेने ६० दिवसांत निर्णय द्यायचा. परवानगी नाकारली तर अर्जदाराला ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याला अपील करता येत नाही. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकच नियमावली आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. रस्त्याची रुंदी, सोडायची मोकळी जागा, उंची, पार्किंग हे त्यात बसलं की झालं. शेजाऱ्याला काय वाटतं, याला रकानाच नाही.

हे सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याच्या संमतीवर परवानगी टांगली असती तर निम्म्या सोलापुरात भावकीच्या भांडणापायी वीट चढली नसती. पण एका कुटुंबाचं घर आणि लग्नसराईत रोज रात्री शे-दोनशे गाड्या ओढणारा हॉल, दोघांना एकाच खिडकीतून निकाली काढणं मला पटत नाही.

गंमत बघा, त्याच आवारातल्या कडुलिंबासाठी मात्र तुम्हाला विचारतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे झाड तोडायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि खुद्द झाडावरही ती डकवावी लागते. हरकतीला साधारण ७ दिवस असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तुमचे चार कडुलिंब त्या वयाचे असतील तर हरकतीत ते लिहा. झाडाला धरून इमारतीचा नकाशा थोडा सरकवता येतो का, हाही प्रश्न तिथेच विचारता येतो. तेव्हा रोज जाता-येता त्या बुंध्यांकडे लक्ष ठेवा. चिकटवलेला कागद पावसात किंवा कुणाच्या हाताने लवकर निघतो. दिसला की तारखेसकट फोटो काढा.

आता इमारतीचं. परवानगी मिळाल्यावर जागेवर फलक लावणं बंधनकारक असतं. मालक, आर्किटेक्ट, परवानगीचा क्रमांक व तारीख, मंजूर क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशे कुठे बघायला मिळतील तो पत्ता, इतकं त्यावर हवं. शेवटची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि तुमच्या कामाची तीच आहे. फलक नसेल तर माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. नकाशासोबत त्या जागेची मिळकत पत्रिका आणि विकास आराखड्यातला उतारा मागा. जागा शासनाची, भाडेपट्ट्यावर दिलेली निघाली तर पट्ट्याच्या अटी नगररचनेपेक्षा जड पडतात, आणि त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचं. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, आणि २११ एकरांपैकी टर्फ क्लबकडे किती राहायचं, महापालिकेच्या उद्यानाला किती जायचं, हा सगळा वाद त्या एका कागदाभोवती फिरला.

कागदाचं वजन सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. विमानांच्या वाटेत येणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर वर्षानुवर्षं विमानसेवा की कारखाना असं रान पेटलं होतं. १५ जून २०२३ ला महापालिकेने ती पाडली, तेव्हा मुद्दा होता बांधकाम परवान्याचा. म्हणून तक्रारीत ‘आम्हाला त्रास होईल’ यापेक्षा ‘अमुक बाजूला सोडायची जागा नकाशात कमी आहे’ असं लिहा. खोटी माहिती देऊन परवानगी घेतल्याचं दिसलं तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली आयुक्तांना ती रद्द करता येते. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलंच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

माझ्या मते तुम्ही सगळा जोर गच्चीवर लावावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि जी सवलत आहे ती बंदिस्त सभागृहाला. उघड्या गच्चीला नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज तिच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त चढता कामा नये. हद्द म्हणजे तुमचंच कंपाउंड. इमारत उभी राहिल्यावर दर शनिवारी ११२ ला फोन लावत बसण्यापेक्षा आत्ताच क्लबच्या कमिटीला लेखी पत्र द्या : गच्चीवर स्पीकर नको, गाड्यांचं गेट मोठ्या रस्त्याकडे काढा, जनरेटर आणि किचनची चिमणी आमच्या बाजूला नको. कमिटीतले चार सभासद तुमच्याच गल्लीतले असतील, आणि नकाशावरची रेघ हलवायला खर्च येत नाही. पत्राची पोच घ्या. पुढे अग्निशमन दाखल्यावर किंवा भोगवटा प्रमाणपत्रावर हरकत घ्यायची वेळ आली तर ती उपयोगी पडते.

ता. क. चं उत्तर : भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे एखाद्या खिडकीतून उजेड-वारा २० वर्षं अखंड आणि विनाअडथळा मिळत आला असेल तर तो हक्क होतो. समोरची जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं लागतात. मात्र उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर कोर्ट हलत नाही, घराचा वापर खरोखर अडला पाहिजे. भर दुपारी ओट्याशी दिवा लावावा लागेल अशी स्थिती असेल तर बोलता येईल. तोवर घराचा मंजूर नकाशा आणि जुने कर आकारणीचे उतारे काढून ठेवा, खिडकी कोणत्या वर्षीची हे त्यावरून ठरेल. आणि खिडकी मागाहून फोडलेली असेल, तर उजेडाचा मुद्दा सोडून गच्चीचाच धरा.